आधी कोपरे

कुठलंही घर बघायला गेलं की काका पुढच्या दाराने आत जात नसत. एजंटबाई दारात हसत उभ्या, आत सुगंधी मेणबत्त्या, ओट्यावर कुकीजची बशी. आणि आमचे काका घराला वळसा घालून थेट मागच्या अंगणात. तिथे हातातल्या काठीने गवत टोचत ते जागेच्या कोपऱ्याकडे निघायचे. "काका, आधी हॉल तर बघा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं. "हॉल काय पळून जाऊन राहिला का? आधी कोपरे बघू."

मॉरिसव्हिलमध्ये तुम्ही कधी घर शोधलं असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. उंच, जरा पुढे झुकलेले, एप्रिल संपला तरी डोक्यावरची लोकरी टोपी न उतरवणारे. गाडीच्या डिकीत रबरी बूट कायम तयार. गाडी थांबली की डिकीच्या कडेवर बसून ते सावकाश बूट बदलायचे आणि एजंटबाईंचं हसू तोवर दारात ताटकळायचं. मूळचे नागपूरचे. अमेरिकेत येऊन केस पांढरे झाले, पण 'करून राहिलो' काही सुटलं नाही. नोकरी सगळी कंप्युटरवर झालेली. घरांशी किंवा जमिनीशी धंद्याचा काही संबंध नव्हता. ते निवृत्त झाले तेव्हा आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जायच्या घाईत होती आणि सोबत न्यायला कुणाकडेच वडीलधारं माणूस नव्हतं. आमचे आईवडील व्हिडिओ कॉलवर. ते तिकडून देवघर कुठे बसेल एवढंच विचारायचे. म्हणून सगळे काकांना न्यायचे.

त्यांच्याबरोबर एकदा फिरलं की कळायचं, आपण सर्रास 'सर्व्हे करून घेऊ' म्हणतो ते एक प्रकरण नसतं. बँक माणूस पाठवते तो घराची किंमत ठरवायला. इन्स्पेक्टर येतो तो छप्पर, नळ, वायरी आणि हीटर बघायला. वाळवीवाला वेगळा. जागेची हद्द बघणारा त्याहून वेगळा, आणि त्यातही दोन तऱ्हा. एक जण जुन्या कागदांवरून घराचं नुसतं स्केच काढून देतो. दुसरा यंत्र घेऊन येतो, जागेच्या कोपऱ्यांत पुरलेल्या लोखंडी खुंट्या हुडकतो आणि तिथे गुलाबी फीत बांधून जातो. या दुसऱ्यालाच काका 'मोजणी' म्हणत. "बँकेचा माणूस बँकेसाठी बघतो," ते समजावायचे. "त्याच्या भरवशावर घर घेणं म्हणजे गुडघा दुखतो म्हणून डोळे तपासून येणं."

पण उठसूट सगळे सर्व्हे करा, असंही त्यांचं नव्हतं. मुंबईचं एक जोडपं नवं टाउनहाउस घेत होतं आणि इंटरनेटवर वाचून होते नव्हते ते सगळे सर्व्हे करायला निघालं होतं. फक्त घराचं इन्स्पेक्शन तेवढं नको, कारण घर नवंकोरं. काकांनी उलटं करायला लावलं. तुमची एक भिंत या शेजाऱ्याची आणि दुसरी त्या शेजाऱ्याची, तुम्हाला कोपरे आहेतच कुठे, असं म्हणून मोजणी रद्द करवली आणि इन्स्पेक्टर बोलावला. नव्या घरात चुकाही नव्या असतात, हे त्यांचं म्हणणं त्या इन्स्पेक्टरने वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये खरं करून दाखवलं.

एकदा एका जुन्या घराखालच्या पोकळीत, ज्याला इकडे क्रॉल स्पेस म्हणतात, ते स्वतःच शिरले. इन्स्पेक्टर परवाच्या दिवशी येणार होता, पण काकांना दम निघाला नाही. आधी टोपी आत गेली, मग बूट. आम्ही वर हॉलमध्ये उभे, आणि पायाखालून त्यांचा खोकला फिरतोय या खोलीतून त्या खोलीत. बाहेर आले ते कोळिष्टकांनी माखलेले, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा प्रसन्न. "खाली ओल आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी काकूंनी त्यांना घरात घेतलंच नाही. गॅरेजमध्ये कपडे बदलायला लावले आणि टोपी कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी टोपी होती.

एका बाबतीत मात्र ते विचित्र वागायचे. लोक फोनवरचं होकायंत्र काढून वास्तूच्या दिशा बघायला लागले की काका गप्प व्हायचे. थट्टा करायचे नाहीत आणि सल्लाही द्यायचे नाहीत. फार झालं की म्हणायचे, "आग्नेय आहे ते खरं, पण आहे कोणाच्या जागेत?" आम्ही हसायचो. मला तेव्हा तो त्यांच्या कोपऱ्यांच्या वेडाचाच एक भाग वाटायचा.

मग आमची पाळी आली. मी आणि निखिल, माझा नवरा, दोघं पुण्याचे, दोघं आयटीत, आणि घर घेण्यात दोघंही कमनशिबी. घर आवडायचं, आम्ही ऑफर द्यायचो, आणि दुसरंच कुणीतरी जास्त देऊन घेऊन जायचं. मुलगी मीरा तर आता घर बघायला येताना सरळ विचारायची, "इज धिस अनदर वन वी वोन्ट गेट?" माझा स्वभाव मुळात सोशिक नाही. त्या वर्षी मी कुकीजची बशी बघितली तरी चिडायचे.

अशात काकांच्या शेजारचं घर विकायला निघालं. तिथे एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ एकटेच राहायचे. उन्हाळ्यात कुंपणावरून काकांना टोमॅटो द्यायचे आणि काकूंचं लिंबाचं लोणचं पावाला लावून खायचे. ते वारले आणि ओहायोत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने घर विकायला काढलं. मला तर वाटलं, देवानेच हात धरून आणलं. शाळा जवळ, निखिलचं ऑफिस जवळ आणि शेजारी साक्षात काका-काकू. मी धावतपळत त्यांना सांगायला गेले. काकू "अगं बाई, छानच" म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, "येतो बघायला."

ते आले. चालतच आले, शेजारीच तर होतं. आणि पुढच्या दाराने सरळ आत शिरले.

मी निखिलकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. पायात साध्या चपला. हातात काठी नाही. काकांनी हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, प्रत्येक खिडकी उघडून लावून बघितली, कपाटांची दारं बघितली. इतक्या बारकाईने त्यांनी कुठल्याच घराचा हॉल बघितला नव्हता. मागच्या लाकडी डेकवर आम्ही सगळे गेलो तेव्हा ते आपल्या घराच्या बाजूच्या कुंपणाकडे पाठ करून उभे राहिले आणि छपराची पन्हळ किती स्वच्छ आहे यावर बोलले. एजंटबाई म्हणाल्या, जुनं स्केच फाइलमध्ये आहे, कुंपण समोर दिसतंय, घराचं इन्स्पेक्शन तेवढं करून घ्या, मोजणीत वेळ कशाला घालवता. निखिलने लगेच मान डोलावली. हद्दीवरून भांडायला शेजारी काकाच तर आहेत, असं तो हसत म्हणाला. काका हसले नाहीत. बरं नाही वाटत, असं काहीतरी पुटपुटून घरी गेले.

आमची ऑफर या वेळी मंजूर झाली. मी मैत्रिणींना फोन लावत सुटले. काकांचा मात्र फोन नाही की काही नाही. मला खरं सांगायचं तर राग आला. सगळ्या गावाच्या घराला नाचतात आणि आमच्या वेळी पन्हळ, असं मी निखिलला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आमच्या अपार्टमेंटच्या दारात उभे. काका इस्त्रीचा शर्ट घालून, काकू हातात डबा घेऊन. मी चहा ठेवला. काका खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"बेटा, मोजणी करून घे," ते म्हणाले. "स्केच नको. खुंट्या शोधणारी, पुरी मोजणी."

निखिल म्हणाला, "पण काका, शेजारी तर तुम्हीच आहात. गरज आहे का?"

"म्हणूनच तर," काका म्हणाले आणि थांबले. काकूंनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सांगून टाका नं. तुम्हाला जेवण जाऊन नाही राहिलं दोन दिवसांपासून."

मग त्यांनी सांगितलं. स्वतःचं राहतं घर घेतलं तेव्हा काका-काकू आत्ताच्या आमच्याच वयाचे होते. छप्पर तपासलं, नळ तपासले, वाळवी तपासली. कुंपण दिसत होतं, तेव्हा मोजणीचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वास्तुशांत केली. आपल्याकडे वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. इथे लाकडी जमीन, ती कोण खणणार? गुरुजी म्हणाले, अंगणाचा आग्नेय कोपरा चालेल. काकांनी कुंपणाच्या आत, कोपऱ्यात खड्डा खणला. काकूंच्या सासूबाई तेव्हा भारतातून आल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या हाताने प्रतिमा ठेवली. वर काकूंनी अनंताचं झाड लावलं. सासूबाई परत गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी शेजारच्या आजोबांना बागेची शेड बांधायची होती, म्हणून त्यांनी मोजणीवाला बोलावला. तो यंत्र घेऊन शोधत शोधत कुंपण ओलांडून काकांच्या अंगणात आला आणि अनंताच्याही अलीकडे येऊन थांबला. खुंटी तिथे होती. शेजारच्या घराच्या कुणा जुन्या मालकाने कुंपण आपल्या हद्दीच्या बरंच आत घातलं होतं. अनंत आणि त्याच्या खालचा वास्तुपुरुष, दोन्ही शेजाऱ्याच्या जागेत. काका शरमेने अर्धे झाले. आजोबा मात्र हसून म्हणाले, तुझ्या देवाचा मला काही त्रास नाही, राहू दे. कागद नाही, काही नाही. त्यांनी शेड दुसरीकडे बांधली आणि विषय संपला.

"आता ते नाहीत," काका म्हणाले. "त्यांच्या पोरीला काही माहीत नाही. तुम्ही मोजणी केली नाही तर तुम्ही कुंपणालाच हद्द मानाल आणि मी जन्मभर तुमच्याच जागेत पाणी घालत बसेन. परवा मी पुढच्या दाराने आत गेलो, तू पाहिलं नं? ते ह्याच्याचपायी."

मला रडू येत होतं आणि चहा उतू गेला होता. सगळ्या मॉरिसव्हिलला कोपरे दाखवणाऱ्या माणसाला आपलाच कोपरा आम्हाला दाखवायची वेळ आली होती, आणि त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

ही बातमी मराठी मंडळाच्या लोकांत फिरायला वेळ लागला नाही. एका हुशार गृहस्थांनी काकांना सल्ला दिला, की इतकी वर्षं ती पट्टी तुम्ही वापरलीय, तेव्हा वकील गाठा, जागा कदाचित तुमचीच ठरेल. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गृहस्थ पुढच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या रांगेतही बसले नाहीत. "देव परक्याच्या जागेत ठेवायचा आणि वरून केस करायची?" काका मला म्हणाले. "माझ्या आईने ठेवला आहे तो."

मोजणीच्या दिवशी मी सुट्टी घेतली. पिवळं जाकीट घातलेला एक तरुण तिपाई आणि यंत्र घेऊन आला. काका आपल्या बाजूच्या अंगणात सकाळपासून उभे होते, रबरी बूट घालून. त्याच्यासाठी त्यांनी चहा करून आणला होता. त्याने विचारायच्या आत काठीने जागा दाखवली. यंत्राने सूर काढला, त्याने माती उकरली, गंजकी खुंटी दिसली. त्याने शेजारी लाकडी दांडी ठोकली आणि गुलाबी फीत बांधली. अनंत आमच्या बाजूला. मग दोरी धरून रेषा आखायला झाड मधे येतंय, फांद्या छाटू का, असं त्याने विचारलं. काका उत्तर द्यायला गेले आणि माझ्याकडे बघून थांबले. आता ते मलाच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, झाडाला हात लावू नका, वळसा घाला. काकांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली.

आम्ही घर घेतलं. आमचीही वास्तुशांत झाली आणि आमचा वास्तुपुरुष आमच्या आग्नेयेला, मोजलेल्या कोपऱ्यात बसला. गुरुजींना विचारलं, काकांचा हलवायचा का? ते म्हणाले, बसलेला देव उठवू नये. त्यामुळे आमच्या नैऋत्येला काकांचं आग्नेय, अशी आमच्या घराची रचना आहे. वास्तूवाले ऐकतात आणि डोकं धरतात. आमचं काही वाईट झालेलं नाही.

कुंपण जुन्याच जागी ठेवू, असं मी आणि निखिल दोघांनी म्हणून बघितलं. काका ऐकेनात. हद्द तिथे कुंपण, नाहीतर मोजणी कशाला केली, हा त्यांचा हट्ट. शेवटी नवं कुंपण खुंटीवरून गेलं आणि अनंतासमोर आम्ही एक छोटं फाटक ठेवलं, कडीचं. काकांनी रोज यावं, पाणी घालावं, दिवा लावावा, फुलं न्यावीत, असं ठरलं.

ते रोज यायचे. पण फाटक ढकलून कधी आले नाहीत. आपल्या बाजूला उभे राहून कडी वाजवायचे आणि विचारायचे, "येऊ का?" मी शंभरदा सांगितलं, विचारू नका. ते पुन्हा विचारायचे. निखिल सकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलेला असायचा, कानात हेडफोन, मीटिंग सुरू. कडी वाजली की तो म्यूट करून खिडकीतून म्हणायचा, "या काका." मग अनम्यूट. त्याच्या टीममधल्या लोकांनाही ती वेळ पाठ झाली होती. अनंत बहरला की काका एक ओंजळ काकूंसाठी न्यायचे आणि एक आमच्या डेकच्या पायरीवर ठेवून जायचे. तुमच्या जागेतली आहेत, म्हणायचे.

लोकांची घरं बघणं त्यांनी सोडलं नाही. पण त्यानंतर त्यांच्यात एक फरक पडला. होकायंत्र काढणाऱ्यांसमोर ते गप्प राहायचे नाहीत. त्यांना आमच्या अंगणात घेऊन यायचे, अर्थात फाटकाशी थांबून, विचारून, आणि अनंताकडे काठी करून सांगायचे, "हे पाहा. माझं आग्नेय. ह्या पोरीच्या नैऋत्येत." आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायचे, जिथे आपली चूक होती तिथे आवाज न उतरवता.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी घराच्या मागे ओल्या गवतात हिंडून आले होते. सर्दी म्हणता म्हणता छातीत गेली. काकूंना त्यांचा मुलगा आपल्याकडे, फ्रीमाँटला घेऊन गेला. जाण्याआधी त्या फाटकाशी आल्या, कडी वाजवली आणि काकांसारखंच म्हणाल्या, "येऊ का?" मी धावत गेले. त्यांनी झाडाला पाणी घातलं, बुंध्याशी हात लावला आणि म्हणाल्या, "आता ह्याचं तूच कर, बेटा. तुझ्याच जागेत आहे." घर विकताना त्यांनी एजंटला एकच गोष्ट बजावली होती. घेणाऱ्याने मोजणी करून घ्यावी.

नवे लोक अजून राहायला आलेले नाहीत. अनंताला मी पाणी घालते. या वर्षी तो उशिरा फुलला, पण भरपूर फुलला. ओंजळभर फुलं मी पायरीवर ठेवते. का ते मला सांगता येणार नाही.

परवा सकाळी वारा होता. निखिल स्वयंपाकघरात मीटिंगमध्ये होता, बोलण्याची पाळी त्याचीच होती. बाहेर फाटकाची कडी वाजली. त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं, म्यूट केलं आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "या काका."

मग तो तसाच बसून राहिला. पलीकडून कुणीतरी त्याचं नाव घेऊन विचारत होतं, ऐकू येतंय का. बराच वेळ त्याने अनम्यूट केलं नाही.